मृगात दिलेले वचन

बागेचे वर्ष कोठून सुरू होते? कारेल चापेक या चेक लेखकाने १९२९ साली बागकामावर महिन्यांच्या क्रमाने एक पुस्तक लिहिले. त्याचे वर्ष जानेवारीत, गोठलेल्या जमिनीपासून सुरू होते. तिकडची बाग थंडीत झोपते आणि माळ्याला सक्तीची रजा मिळते. आपल्या दख्खनच्या पठारावर बागेला थंडीत रजा नाही. उलट तेच तिचे सुखाचे दिवस. आपल्याकडे कसोटी असते ती वैशाख-ज्येष्ठात. म्हणून आमच्या हैदराबादेत, नारायणगुड्यासारख्या दाट वस्तीतल्या गच्चीवरही, बागेचे वर्ष मोजायचे ते मृगापासून मृगापर्यंत.

ही मोजणी वरवर निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात एक गुंता आहे. झाडे लावली जातात मृगात आणि त्यांचा निकाल लागतो मे महिन्यात. लावणारा माणूस पहिल्या पावसाने हरखलेला असतो. पाणी घालणारा माणूस, म्हणजे तोच माणूस अकरा महिन्यांनंतर, हातात अर्धी बादली घेऊन कोणाला द्यावे आणि कोणाला नाही याचा हिशेब करीत उभा असतो. पहिल्याने दिलेला शब्द दुसऱ्याने किती पाळावा? आणि मुळात झाडाला शब्द दिला असे म्हणता येते का?

नांदेड, देगलूर, बिदरकडच्या वाचकांना नारायणगुडा परका नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाची शाळा येथे १९४० पासून उभी आहे. दवाखान्यासाठी, कोर्टकचेरीसाठी किंवा शिक्षणासाठी हैदराबादेस आलेला मराठवाड्याचा माणूस या भागात कोणा ना कोणा नातलगाकडे उतरलेला असतोच. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसूरकडे गेले आणि आमच्यासारखी काही घरे नोकरीमुळे येथेच राहिली. त्या वेळच्या घरांना अंगण होते, बहुतेकांना विहीर होती. अंगणात लिंब, आंबा, सीताफळ आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी केळ व अळू. पुढे एकेका घराची जागा पाच मजली इमारतीने घेतली. अंगण गेले, बाग मात्र लोकांनी सोडली नाही; ती जिना चढून गच्चीवर आली आणि कुंडीत बसली. ही घटना माझ्या मते दिसते त्यापेक्षा मोठी आहे. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन उन्हाळे सांभाळले की ते आपले आपण पाणी शोधते. त्यानंतर मालक गावाला गेला काय, मेला काय, त्याला फरक पडत नाही. कुंडीतल्या झाडाचे तसे नाही. त्याचे मूळ बारा इंच गेले की भिंतीला टेकते. ते दहा वर्षांचे झाले तरी पहिल्या दिवसाइतकेच आपल्यावर अवलंबून असते. कुंडीतले झाड कधीच वयात येत नाही.

म्हणजे अंगणात झाड लावणे आणि कुंडीत झाड लावणे ही दोन वेगळी कर्मे आहेत. पहिल्यात आपण कोणाला तरी मुक्त करण्यासाठी थोडे दिवस सांभाळतो. दुसऱ्यात आपण कोणाला तरी कायमचे परावलंबी करतो, आणि तेही आपल्या हौसेखातर. मोगऱ्याने काही आमच्या गच्चीवर राहायला येण्याचा अर्ज केला नव्हता.

मृग लागला की गच्चीवर लगबग सुरू होते. कुंड्या रित्या करायच्या, एकमेकांत गुंतलेली मुळे थोडी कातरायची, लाल मुरमाड मातीत शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून पुन्हा भरायची. येथली माती नांदेडकडच्या काळ्या मातीसारखी पाणी धरून ठेवत नाही. ग्रॅनाइटचा चुरा तो, ओतलेले पाणी लगेच तळाच्या भोकातून निघून जाते. मग जास्वंदीच्या आणि तगरीच्या फांद्या लावायच्या, भेंडी, गवार, दोडका, अंबाडी पेरायची. अंबाडी येथे गोंगूरा या नावाने राज्य करते. आषाढात कापलेली कोणतीही काडी खुपसली तरी जगते, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. चार काड्यांपैकी एक लागेल म्हणून चार लावाव्यात, तर चारही लागतात. मग चार कुंड्या होतात. आषाढात माणूस उदार असतो, कारण उदारपणाचा खर्च आकाश करीत असते.

श्रावण-भाद्रपदात खुरपे हाती घ्यावे लागते. तण काढणे हे बागेतले सर्वांत जुने काम, आणि तण म्हणजे काय हे ठरवणे हा सर्वांत जुना पक्षपात. कुरडूचेच पाहा. आम्ही मराठी माणसे कुरडू दिसला की उपटतो; शेतातही तो तणच. पण येथल्या तेलुगू घरांत भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा सुरू होते. २०१४ साली तेलंगण राज्य झाले तेव्हा हा राज्याचा सण ठरला. फुलांच्या त्या थरांत तरवडाच्या पिवळ्या फुलांइतकाच मान कुरडूच्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांना असतो. त्याला ते गुनुगू म्हणतात. आमच्या शेजारणी सकाळी गच्चीवर येऊन विचारतात, ‘तुमच्या कुंड्यांत गुनुगू आला असेल तर उपटू नका.’ तेव्हापासून मी दोन-तीन ठेवतो. याने कुरडूचे काही भले झाले असे मी समजत नाही. तो आता देवीसाठी तोडला जातो, एवढेच. पण मी जे उपटतो ते निसर्गाने नकोसे ठरवलेले नसून मी ठरवलेले असते, एवढे तरी त्यातून कळते. रोपांच्या विरळणीचेही तसेच. मेथी दाट उगवली तर चालते. टोमॅटो, वांग्याची रोपे दाट उगवली तर निम्मी काढावीच लागतात. ज्याला हे क्रूर वाटते त्याने सगळी ठेवून पाहावीत. महिन्याभरात सगळीच खुरटतात.

येथे मला एक भेद करावासा वाटतो. विरळणीत काढलेल्या रोपाला आपण काही कबूल केलेले नसते. ते उगवले, त्याला जागा नव्हती, ते गेले. पण ज्या झाडाला आपण निवडले, वेगळी कुंडी दिली, ज्याच्यासाठी इतरांना काढले, त्याच्या बाबतीत आपण पुढे ‘पाणी नाही’ असे सहज म्हणू शकत नाही. निवड केली की देणे लागते.

हस्ताचा पाऊस सरला की ऑक्टोबरचे ऊन तापते. २०२० साली मात्र १३ ऑक्टोबरला इतका पाऊस झाला की शहरातल्या कित्येक वस्त्यांत घरांमध्ये पाणी शिरले. गच्चीवर तुंबलेल्या पाण्यात कुंड्या तरंगत होत्या. दसऱ्याच्या सुमारास गुलाब छाटायचा, झेंडू उतरवायचा, मेथी, पालक, कोथिंबीर टाकायची. कार्तिकात तुळशीचे लग्न. पौषापर्यंत शेवंती, टोमॅटो, वांगी. मावा आणि पिठ्या ढेकूण यांचा त्रास वगळला तर हे दिवस असे की बागेत तत्त्वज्ञान सुचत नाही. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माघात एक काम येते, त्याला फळबागवाले ‘ताण देणे’ म्हणतात. मोगऱ्याचे पाणी तोडायचे. पाने पिवळी पडून गळू द्यायची, मग छाटणी, मग खत, आणि मग पुन्हा भरपूर पाणी. झाड मरणाच्या भीतीने फुलते म्हणा, किंवा विश्रांतीनंतर फुलते म्हणा. चैत्रात कळ्या दिसतात हे खरे. लिंबाला आणि डाळिंबालाही बहार धरण्यासाठी असेच तहानलेले ठेवतात. माझ्या एका स्नेह्यांना हे पटत नाही. तहानेने फुले काढून घेणे त्यांना खंडणीसारखे वाटते. मला तसे वाटत नाही, कारण ताण देणाऱ्याला पाणी कोणत्या दिवशी सोडायचे हे ठाऊक असते, आणि ते सोडता येईल इतके त्याच्याजवळ असते. ज्याच्याजवळ ते नाही त्याने ताण देऊ नये. चैत्रात कळ्या दिसल्यावर पाणी संपले, तर त्या माघातल्या कृत्याला ताण म्हणता येणार नाही.

आता मे महिना. हैदराबादेत पारा चाळिशीपार जातो आणि सिमेंटची गच्ची रात्रीसुद्धा निवत नाही. बारा इंची कुंडीला रोज दीड-दोन लिटर पाणी लागते, हा माझा स्वतःचा हिशेब. हे पाणी येते कोठून? १९०८ साली मुसी नदीला पूर आला, हजारो माणसे गेली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने धरणे झाली : १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर. पुरापासून वाचवण्यासाठी बांधलेल्या या तलावांवर शहराची तहान दोन-तीन पिढ्या भागली. मग शहर वाढले. मांजरेचे पाणी आले, २००४ साली नागार्जुनसागराहून कृष्णेचे, २०१५ साली गोदावरीचे. नागार्जुनसागर शंभर किलोमीटरहून दूर आहे, आणि त्याचा भरलेला जलस्तर समुद्रसपाटीपासून १८० मीटरच्या आसपास. हैदराबाद पाचशेच्या वर. म्हणजे मी मोगऱ्यावर ओतलेला तांब्या तीनशे मीटरहून अधिक चढ चढून, वीज खाऊन आलेला असतो. हे एकदा कळले की झारी पूर्वीइतकी हलकी लागत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास, बांधकामास आणि बागेला वापरण्यावर बंदी घातली. दंड पाच हजार रुपये. टंचाईत दुसरे काय करणार? पण त्या यादीत गाडी आणि बाग शेजारी शेजारी बसलेली पाहून मी अडलो. गाडी न धुतली तर मळकी राहते. झाडाला पाणी दिले नाही तर ते मरते. हे दोन खर्च एका जातीचे नाहीत. मात्र याच्या उलट बाजूलाही काही आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपल्या भागातला वाचक विसरलेला नसेल. त्या दिवसांत लातूरच्या एखाद्या गच्चीवर कोणी मोगऱ्याला पिण्याचे पाणी घालताना दिसला असता, तर आपण काय म्हटले असते? मी तरी त्याचा हात धरला असता. माणसाची तहान आधी, हे मला निर्विवाद वाटते. वाद आहे तो पुढे : माणसाची तहान आधी म्हणून झाडाचे देणे फिटले का?

आपल्या परंपरेत या प्रश्नावर दोन साक्षीदार आहेत आणि ते एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. एक भागवतातला भरत राजा. राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करीत असताना त्याने पाण्यात पडलेले, आई गमावलेले हरणाचे पाडस उचलले. त्याला वाढवता वाढवता नित्यकर्मे सुटली, मरताना मन हरणात राहिले आणि पुढचा जन्म हरणाचा आला. कीर्तनकार यावरून आसक्तीचा धडा देतात. मला नेहमी वाटते, मग त्याने काय करायला हवे होते? पाडस वाहून जाऊ द्यायचे? कथा ते सांगत नाही. दुसरे साक्षीदार सावता माळी, सोलापूरकडच्या अरणचे. पंढरपूर एवढे जवळ, तरी ते मळा सोडून वारीला गेले नाहीत असे परंपरा सांगते. आजही आषाढी झाल्यावर विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. म्हणजे एकाला वाढवलेल्या जिवाने मोक्षापासून अडवले आणि दुसऱ्याकडे त्याच कारणाने देव चालत आला. फरक कशात आहे? सावतोबांचा मळा त्यांच्या पोटाचा होता, हे एक उत्तर. मला अधिक पटणारे उत्तर असे : सावतोबांनी मळ्याच्या मापाने आयुष्य बेतले होते. देव भेटला नाही तरी चालेल, पण मोट थांबणार नाही, हे आधीच ठरलेले होते. भरताने सर्व सोडल्याचे ठरवले होते आणि मग पाडस आले. त्याच्या बेतात पाडसाला जागाच नव्हती. प्रेम दोघांचे सारखेच.

हे फार उंचावरचे झाले. आमच्या इमारतीतला प्रश्न बादल्यांचा होता. एका मे महिन्यात बोरिंग आटले. पाणी टँकरचे, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. आम्हाला त्याच आठवड्यात नांदेडला लग्नाला जायचे होते. वॉचमनचे कुटुंब खालच्या खोलीत राहते. मूळ महबूबनगरकडचे, म्हणजे ज्या कोरडवाहू भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे कामासाठी बाहेर पडली तेथले. त्याच्या बायकोला इमारतीतले सगळे अम्मा म्हणतात. पाच दिवस कुंड्यांना पाणी घालाल का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी हो म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारल्या : ‘किती बादल्या, सार? आणि कोणाच्या वाट्यातल्या?’

झाडांविषयी आणि पाण्याविषयी मी जे काही वाचले आहे त्यात या दुसऱ्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला आढळला नाही. माझ्या मोगऱ्याशी माझे नाते आहे, अम्मांचे नाही. ते देणे मी त्यांच्या वाट्यावर टाकू लागलो तर झाड जगेल, पण त्यांच्या घागरीतून जगेल. झाडावरचे प्रेम असे दुसऱ्याच्या घागरीवर पोसलेले पुष्कळदा दिसते, आणि त्याला लोक मोठ्या मनाचे समजतात.

त्या वेळी असे केले : एकूण चाळीस कुंड्या होत्या. त्यांतल्या बावीस ओळखीच्या घरांत देऊन टाकल्या. उरलेल्या अठरा लिफ्टने खाली आणून कडुलिंबाच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले. सावलीत झाड निम्म्या पाण्यावर भागवते. आमच्या फ्लॅटच्या वाट्याचे पाणी पाच दिवस कोणी वापरणार नव्हते. ते अम्मांनी भरून ठेवायचे, त्यातले हवे तेवढे त्यांचे आणि उरेल ते कुंड्यांना. परत आलो तेव्हा सोळा जिवंत होत्या. गेलेल्या दोन शेवंत्या. अम्मांनी त्या कुंड्या आधीच रिकाम्या करून उपड्या ठेवल्या होत्या, आणि त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

ज्या कडुलिंबाने सावली दिली त्याचीही एक हकीकत आहे. हा लिंब वडिलांच्या अंगणातला. आम्ही चार भावंडांनी जागा बिल्डरला दिली तेव्हा अंगणाच्या मध्यभागी आंबा होता आणि कडेला हा लिंब. येथे २००२ च्या कायद्यापासून खासगी जागेतले झाड तोडायलाही परवानगी लागते, ती मिळाली. बिल्डरला दोन्ही झाडे नको होती. लिंब कुंपणाजवळच्या मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात येतो हे नकाशावर दाखवून तो वाचवला. आंबा गेला. चार घरे उभी राहायची तर तो जाणारच होता; तो करार पुढे आला तर मी आजही सही करीन. पण वर मी जमिनीतल्या झाडाला मुक्त म्हटले, त्यात एवढी दुरुस्ती करायला हवी : ते पाण्यासाठी मुक्त असते, सहीसाठी नसते. महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीच्या वडाचे उदाहरण आहे. सुमारे सातशे वर्षांचा मानला जाणारा तो वड, एकरांवर पसरलेला. २०१८ साली वाळवीने पोखरलेल्या त्या झाडाला सलाइनच्या बाटल्या टांगून थेंबथेंब औषध द्यावे लागले. कोणीच कायमचे स्वतंत्र नसते, एवढाच त्याचा अर्थ. मात्र सातशे वर्षांत एकदा बाटली लागणे आणि रोज सकाळी सात वाजता लागणे यांत अंतर आहे, आणि कुंडी विकत घेताना ते आठवावे.

मग मृगातला शब्द मे महिन्यात किती पाळावा? माझे मत असे झाले आहे की तो प्रश्न मे महिन्यात सुटतच नाही. त्या वेळी काहीही केले तरी कोणावर तरी अन्याय होतो : झाडावर, शेजाऱ्यावर किंवा खालच्या मजल्यावरच्या घागरीवर. तो सुटतो, सुटला तर, मृगात. झाड विकत घेण्याच्या दिवशी. आपल्या घरात मे महिन्यात दुसऱ्यांदा वापरता येण्याजोगे पाणी किती निघते, ते आधी मोजावे. तांदूळ-डाळ धुतलेले, भाज्या धुतलेले, एसीखाली बादलीत साठलेले. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारेही घेता येते, पण त्यात क्षार फार असतात. तेच सतत घातले तर पानांच्या कडा करपतात, म्हणून त्यात दुसरे मिसळावे लागते. आमच्याकडे हे सगळे मिळून तीसेक लिटर भरते. म्हणजे सोळा-सतरा कुंड्या. जी झाडे वर्षभर जगणार ती एवढीच. बाकी हौस भेंडी, मेथी, झेंडू, अंबाडी यांच्यावर भागवावी. ती झाडे आपले आयुष्य उन्हाळ्याआधी स्वतःच पुरे करतात आणि आपल्याला अवघड जागी पकडत नाहीत.

याला कोणी कंजूषपणा म्हणेल. घरात असे म्हणणारे आहेत. झाडे लावण्यात हात आखडता घेणे हे आजच्या दिवसांत उलटेच वाटते. सगळीकडे लावा, लावा असा घोष आहे, आणि रोपे लावताना काढलेले फोटो जून-जुलैतलेच असतात. मे महिन्यातले फोटो कोणी काढीत नाही.

यंदा मृगाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत रोपांची हातगाडी आली. केशरी रंगाची दुहेरी जास्वंद होती, तशी मी पूर्वी पाहिली नव्हती. कुंड्या सतरा भरल्या होत्या. गाडीवाला किंमत उतरवीत गेला. शेवटी पलीकडच्या इमारतीतल्या एका बाईंनी ती घेतली. अम्मांनी माझ्याकडे अंबाडीचे बी मागितले. कुंपणाच्या कडेला, लिंबाची सावली जेथे पोचत नाही तेथे, हातभर रुंदीची माती उघडी आहे. तेथे त्यांनी ते टाकले आणि पायाने माती सारली. श्रावणात दोनदा भाजी झाली. त्यांतली एक जुडी आमच्याकडे आली.